बंदूक विकायला काढली, म्हणजे ती ‘वापरली’ का?

एका अमेरिकन कलमाचं मराठी करताना मी एका फुटकळ क्रियापदापाशी अडले. कलम वरवर पाहता सरळ होतं. हिंसक गुन्हा किंवा अमली पदार्थांच्या व्यापाराचा गुन्हा चालू असताना, आणि त्या गुन्ह्याच्या संबंधात, जो कोणी बंदूक ‘यूजेस ऑर कॅरीज’, त्याला मूळ गुन्ह्याच्या शिक्षेवर आणखी पाच वर्षं. बंदूक मशीनगन असेल किंवा तिला सायलेन्सर असेल तर पाचाऐवजी तीस. ‘कॅरीज’ला ‘बाळगतो’, ‘यूजेस’ला ‘वापरतो’, आणि चला पुढे, असं म्हणून मी पुढच्या ओळीवर गेलेही होते. मग कळलं की याच ‘यूज’वर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १४ वर्षांत तीन वेळा निकाल दिला आहे, आणि पहिल्या निकालात नऊ न्यायाधीशांचं या तीन अक्षरी इंग्रजी शब्दावर एकमत झालं नव्हतं.

ते पहिलं प्रकरण म्हणजे स्मिथ विरुद्ध युनायटेड स्टेट्स. निकालाची तारीख १ जून १९९३.

काय घडलं

जॉन अँगस स्मिथ एका सोबत्याबरोबर टेनेसीहून फ्लोरिडाला गेला. कोकेन घ्यायचं आणि परत नेऊन विकायचं, असा बेत. त्याच्याकडे एक मॅक-१० होती. आकाराने आटोपशीर, वजनाला हलकी, आणि स्वयंचलित केली की मिनिटाला हजाराहून जास्त गोळ्या झाडणारी. फ्लोरिडातल्या ज्या ओळखीच्या बाईकडे तो गेला, तिचे लागेबांधे दोन्हीकडे होते. माल विकणारे तिच्या ओळखीचे होते आणि ती पोलिसांचीही खबरी होती. तिने ही खबर पोलिसांपर्यंत पोचवली.

पोलिसांनी साध्या वेशातला एक अधिकारी पाठवला. आपण वस्तू गहाण ठेवून घेणारे दुकानदार आहोत अशी बतावणी त्याने केली. स्मिथने काळ्या कॅनव्हासच्या पिशवीतून मॅक-१० बाहेर काढून दाखवली. अधिकाऱ्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि काय हवं म्हणून विचारलं. स्मिथने पैसे मागितले नाहीत. बंदुकीच्या बदल्यात दोन औंस, म्हणजे जेमतेम ५७ ग्रॅम कोकेन मागितलं. मी माल विकत नाही, पण बघतो मिळतंय का, तासाभरात येतो, असं सांगून अधिकारी निघाला आणि अटकेच्या तयारीसाठी थेट कचेरीत गेला. स्मिथला दम निघाला नाही. तो पिशवी घेऊन व्हॅनमध्ये बसला आणि निघाला. मग पाठलाग, वेगाने पळापळ, आणि शेवटी अटक.

व्हॅनमध्ये काय नव्हतं! मॅक-१०, तिचा सायलेन्सर, गोळ्या, एक मॅक-११ मशीनगन, भरलेलं .४५चं पिस्तूल, दुर्बीण लावलेलं .२२चं पिस्तूल आणि त्याला घरगुती बनावटीचा सायलेन्सर. शिवाय कमरेला भरलेलं ९ मिलिमीटरचं पिस्तूल. एवढी हत्यारं जवळ असणाऱ्या माणसाला ‘बाळगतो’ या शब्दात पकडणं सोपं होतं, असं कुणालाही वाटेल. पण आरोपपत्रात लिहिलं गेलं ते असं, की त्याने मॅक-१० आणि तिचा सायलेन्सर ‘वापरला’. ज्यूरीने दोषी ठरवलं. मॅक-१० पडली मशीनगन, त्यामुळे या एका शब्दाचे तीस वर्षं.

स्मिथने ना गोळी झाडली होती, ना बंदूक रोखली होती, ना कुणाला धमकावलं होतं. त्याने ती पिशवीतून काढून दाखवली आणि तिच्या बदल्यात काही मागितलं. याला वापरणं म्हणायचं का? खालची अपील न्यायालयंही या प्रश्नावर दुभंगलेली होती. नवव्या सर्किटने, म्हणजे अशाच एका विभागीय अपील न्यायालयाने, १९८९ मध्ये अशाच अदलाबदलीच्या प्रकरणात ‘नाही’ म्हटलं होतं, तर स्मिथच्या प्रकरणात अकराव्या सर्किटने ‘हो’ म्हटलं.

दोन बाजू

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सहा विरुद्ध तीन असा लागला. बहुमताचा निकाल सँड्रा डे ओकॉनर यांनी लिहिला. कायद्यात व्याख्या नसेल तर शब्दाचा रोजचा अर्थ घ्यायचा, हा नेहमीचा नियम. मग त्यांनी वेबस्टरचा कोश उघडला. ‘यूज’ म्हणजे आपल्या कामी लावणे, उपयोगात आणणे. स्मिथने बंदूक कोकेन मिळवण्याच्या कामी लावलीच होती. कलमात ‘शस्त्र म्हणून’ असे शब्द नाहीत, ते आपण पदरचे का घालावेत?

विरोधी मत अँटोनिन स्कालिया यांचं. त्यांच्यासोबत स्टीव्हन्स आणि सूटर. स्कालियांचं म्हणणं थोडक्यात असं : तुम्ही काठी वापरता का, असं कुणी विचारलं, तर आजोबांची चांदीच्या मुठीची काठी तुमच्या दिवाणखान्यात शोभेला ठेवली आहे का, हे तो विचारत नसतो. तुम्ही काठी टेकत चालता का, एवढंच त्याला जाणून घ्यायचं असतं. ‘शस्त्र म्हणून’ हे शब्द बाहेरून घालावे लागत नाहीत, ते ‘बंदूक वापरणे’ यात आधीच आहेत.

ओकॉनर यांनी काठीचा वार काठीनेच परतवला. अमेरिकेच्या इतिहासातला काठीचा सगळ्यात कुप्रसिद्ध वापर चालण्यासाठी झालेलाच नाही, असं त्यांनी लिहिलं. रोख १८५६ च्या घटनेकडे होता. गुलामगिरीच्या विरोधात भाषण केलं म्हणून प्रेस्टन ब्रूक्स या प्रतिनिधीने सिनेटर चार्ल्स सम्नर यांना भर सिनेटच्या सभागृहात काठीने बेशुद्ध पडेपर्यंत मारलं होतं.

वाचताना मला हसू आलं. निकाल वाचताना असं फार वेळा होत नाही. पण नीट बघितलं तर ओकॉनर यांचं हे उत्तर स्कालियांच्या प्रश्नाला उत्तर नाही. सम्नर यांना काठीने मारलं हे ऐकल्यावर ‘ब्रूक्स काठी वापरायचा’ असं आपण म्हणत नाही. ‘ब्रूक्सने मारायला काठी वापरली’ असं म्हणतो. ‘मारायला’ हा शब्द काढून बघा. वाक्य लगेच लंगडं होतं, किंवा खरं सांगायचं तर चालायला लागतं!

क्रिया नसलेलं क्रियापद

इथे मी कलम बाजूला ठेवलं आणि शब्दच हातात घेतला.

कापणे, मारणे, झाडणे, लिहिणे ही क्रियापदं ऐकली की डोळ्यांसमोर हालचाल येते. ‘यूज’ ऐकलं की काहीच येत नाही. हे बिचारं क्रिया सांगतच नाही. क्रिया ते कर्माकडून उसनी घेतं. सुरी वापरली म्हणजे कापलं. पेन वापरलं म्हणजे लिहिलं. साबण वापरला म्हणजे अंग घासलं, चष्मा वापरतो म्हणजे नाकावर चढवून बघतो. वापरण्याचं काम वस्तूच सांगते, कारण प्रत्येक वस्तू कशासाठी बनली आहे हे बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असतं. वस्तू बदलली की त्याच क्रियापदाचा चेहरामोहरा बदलतो. माणूस हे कर्म दिलं की ‘यूज’ म्हणजे स्वार्थासाठी राबवून घेणं, आणि तिथे शब्दाला चक्क कडवट चव येते. कर्मच दिलं नाही, नुसतं ‘ही यूजेस’ म्हटलं, तर इंग्रजीत त्याचा अर्थ तो नशा करतो. ‘आय कुड यूज’ म्हटलं की तर वापराचा पत्ताच नाही, मला अमुक मिळालं तर बरं होईल, एवढंच. आणि ‘यूस्ट टु’ ही भूतकाळातली सवय. तिथे तर उच्चारही बदलतो. क्रियापदाच्या शेवटी घुमणारा आवाज आहे, तर ‘यूस्ट टु’ मध्ये आणि ‘यूस’ या नामात कोरडा ‘स’.

शब्द मुळात इंग्रजीचा नाहीच. लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमार्फत तो तेराव्या शतकाच्या सुमाराला इंग्रजीत आला. त्याआधी या कामाला ‘ब्रूकन’ हे घरचं क्रियापद होतं. पाहुण्याने घर बळकावलं. आजच्या इंग्रजीत ‘ब्रूक’ उरलं आहे ते ‘खपवून घेणे’ एवढ्यापुरतं, आणि तेही बहुतेक नकारार्थी वाक्यांतच.

आता कोशाकडे. ‘कामी लावणे’ हा वेबस्टरमधला अर्थ चुकीचा नाही. पण कोश सांगतो ते हा शब्द कुठवर ताणता येतो हे. पुढे-मागे काही न जोडता शब्द आला की ऐकणाऱ्याच्या मनात काय उभं राहतं, हे कोशात सापडत नाही. समजा टेबलाचा एक पाय डुगडुगतोय म्हणून मी त्याखाली जाडजूड शब्दकोश सरकवला. नंतर कुणी विचारलं, ‘भाषांतर करताना शब्दकोश वापरलास का?’ आणि मी ‘हो’ म्हटलं. कोशातल्या अर्थाप्रमाणे मी खरं बोलले. विचारणारा मात्र मला खोटारडीच म्हणेल, आणि ते योग्यच आहे. स्कालियांनी हाच मुद्दा साक्षीदाराच्या अंगाने मांडला होता : आजोबांची जुनी रायफल संग्राहकाला विकणाऱ्या माणसाने ‘तुम्ही कधी बंदूक वापरली आहे का’ या प्रश्नाला शपथेवर ‘नाही’ म्हटलं, तर ती खोटी साक्ष ठरणार नाही.

इथवर मी स्कालियांच्या बाजूची. तरी ओकॉनर यांच्याकडे एक हुकमाचं पान होतं, ते लपवण्यात अर्थ नाही. त्याच कायद्याच्या पुढच्या पोटकलमात, गुन्ह्यात ‘वापरलेल्या’ बंदुका जप्त करण्याची तरतूद आहे, आणि तिथे दिलेल्या गुन्ह्यांच्या यादीत बंदुकांच्या बेकायदा खरेदी-विक्रीसारखे गुन्हेही येतात. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांनीच शेजारच्या ओळीत व्यापाराला वापर म्हटलं आहे. संदर्भ वेगळा, असं स्कालियांचं त्यावर उत्तर. मला ते थोडं तोकडं वाटतं. शिवाय ‘गुन्ह्याच्या संबंधात’ या शब्दांची गाळणीही ओकॉनर यांनी दाखवली होती : सौदा चालू असताना कुणी बंदुकीने डोकं खाजवलं तर तो कदाचित ‘वापर’ असेलही, पण गुन्ह्याला त्याने काही हातभार लागत नाही, म्हणून त्यावर हे कलम लागत नाही.

एकदा मी दोन्ही बाजूंची वाक्यं समोरासमोर लिहून काढली. ‘त्याने कोकेन मिळवायला बंदूक वापरली.’ व्याकरणाने ठीक, आणि ओकॉनर यांना हवं तेच. पण हे वाक्य कुणालाही ऐकवा, ऐकणाऱ्याला दिसेल रोखलेली बंदूक आणि हात वर केलेला विक्रेता. खरी घटना सांगायची तर ‘मोबदला म्हणून’ हे जोडावंच लागतं. म्हणजे हेतू सांगितला तरी बंदूक आपलं काम सोडत नाही. ती कशाच्या रूपाने पुढे केली हे सांगितलं, तरच सोडते. कलमात हेतू नाही आणि रूपही नाही. आहे ते नुसतं क्रियापद आणि त्याचं कर्म.

दोन वर्षांनी

६ डिसेंबर १९९५. बेली विरुद्ध युनायटेड स्टेट्स. यात दोन आरोपी एकत्र होते. एकाच्या गाडीच्या डिकीत भरलेलं पिस्तूल सापडलं. दुसरीच्या झोपण्याच्या खोलीतल्या कपाटात कुलूपबंद पेटी होती, आणि तिच्यात .२२ ची रिकामी डेरिंजर, म्हणजे एक छोटंसं पिस्तूल. दोघांवर बंदूक ‘वापरल्याचा’ आरोप. निकाल पुन्हा ओकॉनर यांनीच लिहिला, पण या वेळी एकमताचा, आणि आरोपींच्या बाजूने. ‘यूज’ म्हणजे सक्रिय वापर हवा. जवळ असणं किंवा हाताशी ठेवणं पुरेसं नाही. सक्रिय म्हणजे काय हेही त्यांनी सांगितलं : उगारणं, दाखवणं, अदलाबदल करणं, तिने मारणं, आणि अर्थातच झाडणं किंवा झाडण्याचा प्रयत्न करणं. अदलाबदल त्या यादीत शिताफीने बसवली आहे, म्हणजे स्मिथचा निकाल जागच्या जागी.

या निकालातलं एक वाक्य मला सगळ्या प्रकरणात मोलाचं वाटतं. ओकॉनर यांनी उदाहरणादाखल दिलेलं, मराठीत असं : ‘घराच्या रक्षणासाठी मी बंदूक वापरतो, पण ती वापरायची वेळ कधी आली नाही.’ एकाच वाक्यात एकच क्रियापद दोनदा, आणि दुसरं पहिल्याला खोटं पाडत नाही. पहिलं ‘वापरतो’ म्हणजे एक व्यवस्था, दुसरं ‘वापरायची’ म्हणजे एक घटना. इंग्रजीत हे वाक्य सहज बसतं. मराठीत मात्र पहिल्या जागी आपल्या तोंडात ‘ठेवतो’ किंवा ‘बाळगतो’ येईल. घरातला कुत्रा आपण राखणीला ‘वापरत’ नाही, ‘पाळतो’. ‘यूज’ जे एकट्याने करतो, ते आपल्याकडे तीन-चार क्रियापदांनी वाटून घेतलेलं आहे.

निकालाने झालेली अडचण काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, १९९८ मध्ये दूर केली. गुन्ह्याला पुढे नेण्यासाठी बंदूक नुसती ताब्यात असली तरी शिक्षा, असे शब्द कलमात घातले, आणि उगारली तर सात वर्षं, झाडली तर दहा, अशा पायऱ्या केल्या. हे आधीच लिहिलं असतं तर! क्रियापदाने अर्थ ढिला सोडला होता, तो शेवटी दुसरी क्रियापदं आणून आवळावा लागला. त्याच वर्षी न्यायालयात ‘कॅरी’चीही झटापट झाली. गाडीच्या कप्प्यात कुलूपबंद ठेवलेली बंदूक ‘बाळगलेली’ का? पाच विरुद्ध चार, ‘हो’. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

उलट्या बाजूने

स्मिथच्या निकालाची खरी परीक्षा १० डिसेंबर २००७ ला झाली, वॉटसन विरुद्ध युनायटेड स्टेट्समध्ये. या वेळी पारडं उलटं होतं. वॉटसनने ऑक्सीकोडोन या अमली वेदनाशामकाच्या २४ मात्रा दिल्या आणि बदल्यात पिस्तूल घेतलं. सरकारचा युक्तिवाद वरवर बिनतोड होता. अदलाबदलीत बंदूक देणारा जर ती वापरतो, तर घेणारा का नाही? सौदा तर एकच!

निकाल लिहिला डेव्हिड सूटर यांनी, म्हणजे १९९३ मध्ये स्कालियांच्या बाजूला बसलेल्या तिघांतले एक. सफरचंद देऊन ग्रॅनोला बार घेणाऱ्या मुलाचं उदाहरण त्यांनी घेतलं. मुलाने सफरचंद वापरलं असं म्हणता येईल. पण ‘त्याने ग्रॅनोला बार वापरला’ यावरून कुठली वस्तू कुठे गेली, याचा कुणाला सुगावा लागणार नाही. बंदूक मिळवणारा ती ‘वापरतो’ असं सरकार म्हणेल, दुसरं कुणी म्हणणार नाही.

भाषेच्या दृष्टीने हे उत्तर अचूक आहे, आणि त्यातूनच स्मिथच्या निकालाची शिवण उसवते. देणारा वापरतो आणि घेणारा नाही, हा नियम कुठल्या वस्तूला लागू होतो? पैशाला. पैसे देणारा पैसे वापरतो, कारण देणं हेच पैशाचं काम. म्हणजे स्मिथच्या हातातली मॅक-१० बहुमताने नकळत नोट समजून वाचली होती. तीस वर्षं मात्र मशीनगनची लावली. रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी वॉटसनच्या निकालाशी सहमत होताना वेगळं टिपण जोडलं : देणारा वापरतो आणि घेणारा नाही, हा फरक त्यांना पटत नव्हता, आणि स्मिथचा निकालच रद्द करावा असं त्यांचं मत होतं. बहुमताने ते केलं नाही.

परत कागदावर

मग माझ्या भाषांतरात काय लिहायचं? ‘चालवतो’ लिहिलं असतं तर वाचायला झकास, पण ‘बंदूक चालवणे’ म्हणजे झाडणेच. स्मिथ तिथल्या तिथे सुटला असता. ‘बंदुकीचा उपयोग करतो’ लिहिलं तर उलट. ‘काठी वापरतो’ ऐकून कुणी पुढे प्रश्न विचारत नाही, पण ‘काठीचा उपयोग केला’ म्हटलं की ऐकणारा लगेच विचारतो, कशासाठी? त्या ‘चा उपयोग’ने वस्तू तिच्या नेमून दिलेल्या कामातून मोकळी होते, आणि मग मोबदलाही त्यात आरामात बसतो. ‘उपयोगात आणतो’ तर ओकॉनर यांच्या कोशातली व्याख्याच. यातला कुठलाही शब्द घेतला असता तरी खटला मीच निकाली काढला असता, तोही नऊ न्यायाधीशांना न विचारता.

म्हणून शेवटी सुरुवातीला लिहिलं होतं तेच ठेवलं. ‘वापरतो किंवा बाळगतो.’ ज्या ढिलेपणावर इंग्रजीत भांडण झालं, तो ‘वापरतो’मध्ये बराचसा शिल्लक आहे. संपादकांनी समासात शेरा मारला होता, ‘वापरतो म्हणजे नेमकं काय, स्पष्ट करावं.’ मी त्याखाली लिहिलं, ‘मूळ कलमातही स्पष्ट नाही,’ आणि पान पुढे पाठवलं.